दोन बोटांचा फरक

“मोठी रिम,” मुलगी म्हणाली. “यात विचार करण्यासारखं काही नाही.”

चाकवाल्या काकांनी हातातला कटर खाली ठेवला. घरामागच्या शेडमध्ये बाबांची जुनी मोटरसायकल लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. इंजिन बसलं होतं, टाकी रंगली होती, एका माणसापुरती सीट चढली होती. फक्त चाकं राहिली होती. भिंतीला रिमच्या दोन जोड्या टेकवलेल्या. एक मोठी, गाडीच्या मूळ मापाची, मुलीने शोधून आणलेली. दुसरी लहान, बाबांनी जाण्याआधी मागवलेली.

“स्पोक कापले की कापले,” काका म्हणाले. “रिम आणि मधल्या हबच्या मापानं कापतात ते. उद्या मन बदललं तर ओढून लांब करता येत नाहीत. आणि लहान जोडी मी आजच उचलणार. गिऱ्हाईक थांबलंय.”

“बदलणार नाही.”

तिला खात्री होती. गाडी जशी जन्माला आली तशीच ठेवायची, हा बाबांचा धर्म. दुसऱ्या गाडीचा साधा नटसुद्धा त्यांना चालायचा नाही. त्याच माणसाने शेवटी शेवटी लहान रिम मागवल्या, सीटमधला निम्मा फोम काढून टाकला आणि पुढच्या चाकासाठी मूळचा साधा हब सोडून भलंमोठं ब्रेकचं डबडं असलेला नवा हब आणला. आजारपणातल्या गोळ्यांनी त्यांच्या डोक्यात धुकं यायचं. त्या धुक्यात झालेल्या चुका आपण निस्तरायच्या, असं तिने ठरवलं होतं. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही आता उरलं नव्हतं.

“उघड गं एवढं.”

आई दारात उभी होती. हातात बरणी. बोटांचे सांधे सुजलेले, झाकण हलत नव्हतं. आजवर हे काम बाबांचं होतं. मुलीने बरणी उघडून परत दिली. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

“वहिनी, तुम्हीच सांगा,” काका म्हणाले. “मोठी की लहान?”

“मला काय कळतंय त्यातलं?” आई म्हणाली. पण आत गेली नाही. चौकटीला टेकून उभी राहिली.

आईचं आणि मोटरसायकलचं वाकडं, हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर बाबांनी पहिल्यांदा किक मारली आणि मागची सीट थोपटली, तेव्हा आई म्हणाली होती, “मी काय पिशवी आहे, मागे लटकायला?” आणि सरळ चालत निघाली. बाबा हा किस्सा पाहुण्यांना हातवारे करून सांगत. सगळे पोट धरून हसत. आईही हसे. ती कधीच मागे बसली नाही, आणि बाबांनीही पुढे विचारणं सोडून दिलं.

“बरं, बसून तर बघ,” काका मुलीला म्हणाले.

ही त्यांची रीत. स्पोक कापण्याआधी ते ठोकळे रचून गाडी तिच्या होणाऱ्या उंचीवर आणत आणि चालवणाऱ्याला वर बसवत. शिंपी कापडाला कात्री लावण्याआधी अंगाचं माप घेतो, तसं.

मोठ्या रिमच्या उंचीवर मुलगी बसली. उंची तिने बाबांची घेतली होती. त्यांच्यासारखीच ती या शेडच्या दारातून वाकून आत यायची. पाय सरळ उतरले, टाचा जमिनीवर बसल्या. गाडी अंगावर बेतल्यासारखी.

काकांनी तिला उतरवून ठोकळ्यांवरची एकेक फळी काढली. गाडी दोन बोटं खाली आली. ती पुन्हा बसली. या वेळी गुडघे दुमडले.

“बेडूक दिसतेस,” काका म्हणाले.

“आणि बाबा?”

“त्यांचं काय विचारतेस! उंट घडी घालून ठेवावा लागला असता.”

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

“आणि हे बघ,” काका म्हणाले. नव्या हबचा दांडा बाकावरच्या शिकंज्यात आवळलेला होता. ब्रेकची वायर बाबांनीच हँडलच्या लिव्हरला जोडून ठेवली होती. काकांनी हब हाताने गरगरा फिरवला. मुलीने लिव्हरला नुसता हात लावला आणि हब जागच्या जागी थांबला. “बरण्यांची झाकणं चिमटीत उघडणारा माणूस. त्याला एवढा हलका ब्रेक कशाला?”

“मोठी रिम, साधा हब,” मुलगी उतरत म्हणाली. “कापा, काका.”

काकांनी कटर उचलला.

“थांबा,” आई म्हणाली.

तिने बरणी बाकावर ठेवली. हात पुसले. गाडीभोवती एक फेरी मारली. मग कपडे सावरून, हँडल धरून तिने पाय पलीकडे टाकला आणि बसली. काकांनी कटर टाकून घाईघाईने गाडी धरली.

जेवायच्या खुर्चीवरसुद्धा आईचे पाय लोंबायचे. इथे तिच्या दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या होत्या.

“फिरवा ते,” ती म्हणाली.

काकांनी हब फिरवला. आईने सुजलेली दोन बोटं पुढे केली. लिव्हर आपणहून आल्यासारखी आली, आणि हब थांबला.

मुलगी त्या सीटकडे पाहत राहिली. मागे बसायला जागाच ठेवलेली नव्हती.

आईने हँडल दोन्ही हातांनी नीट धरलं, मान वर केली आणि उघड्या दारातून बाहेर रस्त्याकडे पाहिलं.

“म्हणजे मी ‘मागे’ म्हणाले होते, ते ऐकू आलं होतं ह्यांना,” ती म्हणाली.