मोकळी जागा

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला विहारात वाचायचं म्हणून बाबांनी तिच्या आठवणी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप केल्या. तहसीलीत टाइपरायटर बडवण्यात हयात गेलेली, म्हणून प्रत्येक पूर्णविरामापुढं दोन स्पेस.

"बाबा, टाइपरायटर गेले, पण तुमची खोड नाही गेली!" पुण्याहून सुलतानपूरला आलेल्या धम्मरत्ननं हसत त्या जादा जागा उडवल्या आणि झकास प्रिंट काढून दिली.

विहारात बाबा दुसऱ्याच ओळीला अडखळले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पूर्णविराम दिसतच नव्हता. मोकळी जागा दिसली की ते थांबायचे. आता वाक्यात वाक्य घुसू लागलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. धम्मरत्नला मान वर करवेना.

बाबांनी कागद मिटला.



"माफ करा मंडळी, पोरानं लय मन लावून छापून देलं. माह्याच डोळ्यायनं दगा देला."