चाळीस मिनिटांची आई

"एकोणचाळीस टक्के," टाइमकीपरनं संगणकावर वाकून वाचलं. "उरलेला वेळ, एकतीस तास."

"सकाळी सव्वीस होता ना रे?" ताईनं खुर्चीतून विचारलं.

"होता. आता एकतीस झालाय."

"म्हणजे आई उलटी चालली की काय?"

टाइमकीपरनं कपाळावर हात मारला. छत्तीस वर्षं त्यानं बस डेपोत गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. उशिरा आलेल्या ड्रायव्हरला तो गेटावरच फैलावर घ्यायचा. या डब्याला मात्र फैलावर घ्यायची सोय नव्हती. पंधरा वर्षांचा संगणक, तापू नये म्हणून झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावलेला.

काम तसं साधंच. आई जाऊन वर्षं लोटली होती, आणि तिची एकुलती एक व्हिडिओ टेप होती. मामानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा हौसेनं घरामागच्या अंगणात काढलेली, चाळीस मिनिटांची. फोटो स्टुडिओवाल्यानं ती शेवटची चालवून संगणकासाठी फाइल करून दिली, आणि तिथेच टेपचा चुरगळा झाला. फाइल एवढी अवाढव्य, की लावली रे लावली की संगणक गपगार. ती आवळून लहान करायची, मगच बघता येणार. याला एन्कोडिंग म्हणतात, आणि ते या डब्यावर दोन-दोन दिवस चालतं.

"नव्या संगणकावर अर्ध्या तासात होतं म्हणे. देऊ या का कुणाकडे?" त्यानं आधीच विचारून पाहिलं होतं.

"आईला परक्याच्या दुकानात नेऊन बसवायचं नाही," ताई म्हणाली होती. विषय संपला.

घाई होती ती ताईच्या डोळ्यांची. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेले डोळे. महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाले, "जे बघायचंय ते आता बघून घ्या. पुढचं काही सांगता येत नाही." ते वाक्य टाइमकीपरला जेवताना आठवायचं, दाढी करताना आठवायचं. ताईला एकदा आई दिसू दे, मग काय व्हायचं ते होवो, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून घरात इस्त्री बंद, मिक्सर बंद, आणि दार आपटायचं नाही. "फ्यूज उडाला तर पहिल्यापासून," तो दर तासाला बजावायचा. दोघंही पाय न वाजवता चालत होती.

दुपार लांबत गेली. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत भिंतीवर चढलं. पंखा घुरघुरत होता. ताई खिडकीशी पेपर धरून बसली होती.

"पहिल्याच पानावर तीन चुका," ती म्हणाली. "लाजच सोडली लोकांनी."

पेपर कालचा होता. पण चुका काढायला तिला कालचा काय नि आजचा काय! टाइमकीपरला बरं वाटलं. चुका सापडताहेत, म्हणजे अजून वेळ आहे.

बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. डेपोत एक गाडी आली, नंबर नसलेली, जराही आवाज न करता. त्यानं वेळ लिहायला रजिस्टर उघडलं तर पेन उमटेना. खिडकीतून आई विचारत होती, "उशीर झाला का रे मला?"

"छे छे, वेळेवर आहेस," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजानं जागा झाला.

"काय बरळत होतास?" ताईनं विचारलं.

"आई आली होती."

"कशी दिसत होती?"

त्यानं आठवून पाहिलं. "चेहराच नीट आठवत नाही गं."

"मला लख्ख आठवतो," ताई म्हणाली. "बघ जा, टक्के किती झाले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्याण्णव झाले, आणि तिथेच तासभर अडकले.

"गेटात येऊन गाडी उभी करतोय हरामखोर!" टाइमकीपर कळवळला.

"अरे, आई दारातच अडायची. शेजारीणबाई भेटायच्या ना."

तेवढ्यात संगणकानं टिंग केलं. टाइमकीपरनं ताईची खुर्ची स्क्रीनच्या अगदी समोर ओढली, तिचा चष्मा सदऱ्याला पुसून तिच्या नाकावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी खरखर. मग मामाचं खोकणं. कुणीतरी बादली खाली ठेवली. आणि मग आईचा आवाज आला, कालच बोलल्यासारखा. "अरे, माझं काय काढतोस? त्या झाडाचं काढ!"

ताईनं तोंडावर हात ठेवला. "आई गं! बघ, बघ, हिरवा स्वेटर घातलाय. बाह्या वर सारल्यात. कपडे वाळत घालतेय रे!"

टाइमकीपरनं आधी स्क्रीनकडे बघितलं, मग ताईकडे.

"आता मामावर हात उगारतेय. काय गोड हसतेय! आणि तो मागे बाकावर तू. बबड्या, केस केवढे होते रे तुझ्या डोक्यावर! दिसलास का?"

"दिसलो की," तो कसाबसा म्हणाला. त्यानं स्टूल ओढलं, तिच्याजवळ बसला आणि तिचा हात हातात घेतला.

"रडतोस काय वेड्या? झालं ना तुझ्या मनासारखं? पाहिली मी आईला. आता या डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे, मला काही वाटणार नाही."

"झालं, ताई. अगदी मनासारखं झालं."

पंखा घुरघुरत होता, आई हसत होती, आणि स्क्रीन पहिल्यापासून काळीठिक्कर होती. फाइलमध्ये नुसता आवाजच उतरला होता.