लखीचंद शेठचे शाफ्ट

"हाई भारी पडी तुमले, शेठजी," कुंदन म्हणाला आणि गोल्फच्या क्लबचा स्टीलचा शाफ्ट, म्हणजे दांडी, त्याने लखीचंदांच्या हातातून अलगद काढून घेतला. "तुमना हात थरथरस. ग्राफाइटना ल्या, मऊ."

"स्टीलच. आणि कडक," लखीचंद म्हणाले.

धुळ्याच्या हायवेलगतच्या कुंदनच्या त्या गोल्फच्या दुकानात लखीचंदांचा मुलगा मनन मनातून हरखला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस, जळगावहून येताना गाडी थांबवून ओकलेला, आणि मागतो कुठला शाफ्ट, तर ऐन तारुण्यातल्या गड्याचा! महिनाभर तो वडिलांच्या मागे लागला होता, डायलिसिसला हो म्हणा. सुरू केलं तर काही वर्षं सहज निघतील, असं डॉक्टर सांगत होते. बाबूजी ना हो म्हणत, ना नाही. आणि परवा आपणहून म्हणाले, गोल्फचे क्लब जुने झालेत, शाफ्ट बदलून घेऊ.

ज्याला जगायचं नाही तो दांड्या कशाला बदलेल? डाळ मिल चालवणाऱ्या मननने सरळ हिशेब केला आणि गाडी काढली.

तशी बाकीची लक्षणंही चांगली होती. आहार सांगणाऱ्या बाईंनी केळी नको म्हटलं, बाबूजींनी केळी सोडली. मग मीठ सोडलं. मग डाळ, तीही स्वतःच्या मिलमधली. आता पाणीसुद्धा मोजकंच. असा शिस्तीचा पेशंट शोधून सापडणार नाही, असं मनन येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. हे कौतुक सुरू झालं की सज्जनबाई, त्याची आई, उठून स्वयंपाकघरात जायची.

कुंदनने जाळीसमोर वेग मोजायचं यंत्र ठेवलं. "एक फटका मारी दाखाडा, शेठजी. येग समजना म्हणजे शाफ्ट निवडता यी."

"माझ्याने आज नाही व्हायचं. मनन, तू मार."

"माझा वेग घेऊन काय उपयोग, बाबूजी?"

"मार तर खरं. किती कमी धरायचं ते मी सांगतो त्याला."

मननने फटके मारले. लखीचंद खुर्चीत पुढे वाकून टक लावून बघत होते. "मनगट मोकळं सोड," ते मधेच म्हणाले. लहानपणी नाशिकच्या मैदानावर शिकवायचे तेव्हाही हेच म्हणायचे. मननला एकदम बरं वाटलं. तो गाडी वळवायला गेला तेव्हा बाबूजी कुंदनशी हळू आवाजात बोलत होते.

परतताना पारोळ्याजवळ मननने विचारलंच. "क्लब आले की हो म्हणणार ना?"

"क्लब आले की प्रियलला सासरहून बोलावून घे. काय ते सगळ्यांसमोर सांगतो."

मननने हॉस्पिटलात बेड सांगून ठेवला. बहिणीला फोन करताना त्याला हुंदका आवरला नाही, आनंदाचा.

क्लब आले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. लखीचंद पांढऱ्या कपड्यांत पाटावर बसले होते. खूपच वाळले होते. "अंगणात जाऊन मारून बघ," त्यांनी मननला सांगितलं.

मननने क्लब फिरवला. वजन, उंची, ताठपणा, सगळं जिथल्या तिथे होतं. तो वैतागून आत आला.

"कुंदनने घोळ घातला, बाबूजी. हे तर माझ्या मापाचे झालेत."

"मीच सांगितलं होतं तुझ्या मापाचे करायला. तुझ्याकडेच राहू देत."

तेवढ्यात दारात जैन साध्वीजी आल्या आणि सगळे उठून उभे राहिले. लखीचंदांनी एकेकापुढे हात जोडून क्षमा मागितली. सज्जनबाईंपुढे, प्रियलपुढे, गड्यांपुढेही. शेवटी मननपुढे.

"एकेक पदार्थ सोडत लखीचंदजींनी पूर्ण तयारी केली आहे," साध्वीजी म्हणाल्या. "आता अन्नपाणी कायमचं सोडून त्यांना मरणापर्यंतचा संथारा घ्यायचा आहे. घरच्यांच्या आज्ञेशिवाय तो देता येत नाही."

सज्जनबाईंनी हो म्हटलं. प्रियलनेही रडत रडत म्हटलं. मग सगळ्यांच्या नजरा मननकडे वळल्या. महिनाभर जो एक शब्द तो वडिलांकडे मागत होता, तोच आता वडील हात जोडून त्याच्याकडे मागत होते.