मैत्रिणीची पोरगी

लग्नाआधी झालेली आणि दत्तक गेलेली लेक इतक्या वर्षांनी शोधत चुडाव्याला आली, तेव्हा मालनबाईनं नवऱ्याला सांगितलं, "मैत्रिणीची पोरगी हाय." किशनराव टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात दंग होते. पडद्यावर लुगडं नेसलेला मिशाळ नट दत्तक दिलेल्या लेकराला कवटाळून भोकाड पसरत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. हसून हसून किशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देऊन टाकलेलं लेकरू असं परत येतंय व्हय, पोरी?" मालनबाई थिजली. तिच्याकडं न बघता पोरगी मोठ्यानं हसली. "नाही काका, असं फक्त टीव्हीतच होतं." दोघांच्या पाया पडून ती स्टेशनकडं गेली. "हसली की पोरगी थेट तुझ्यासारखी दिसती," किशनराव सहज म्हणाले. पोरीच्या कपात उरलेला उष्टा, गार चहा आत नेऊन मालनबाई घोट घोट प्याली.