फुल चार्ज

दोन हजार सहा साली डोंगरकड्यात बिनवायरची ड्रिल मशीन मी सोडून एकाही सुताराकडं नव्हती, आणि हे गावात सगळ्यांना माहीत असेल याची मी काळजी घेतली होती. म्हणून अंगणवाडीच्या कमलबाई भरदुपारी संडासात अडकल्या, तेव्हा त्यांचे मालक भीमराज माझ्याकडंच पळत आले. आतली कडी गच्च बसली होती. वर पत्रा तापलेला आणि बाईंना दमा.

माझ्या चार्जरचा दिवा विझलेला होता. बॅटरी भरली की दिवा विझतो, हे दुकानदारानं सांगितलं होतं. मी मशीन उचलली, तिथं जाऊन लोकांना मागं सारलं, चष्मा चढवला आणि बटण दाबलं. मशीन जरा घुरघुरली आणि थांबली.

“दुकानदारानं खराब माल दिला,” मी म्हणालो.

आतून दमलेला आवाज आला. “शिवहारभाऊ, पेचकस हाय का? दाराखालून सरकवा.”

बिजागरीचे स्क्रू आतल्या बाजूला होते. कमलबाईंनी थांबत थांबत एकेक काढला. आम्ही दार बाजूला केलं. घामानं निथळत त्या बाहेर आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग मशीनकडं बघत म्हणाल्या, “चार्जिंगला कधी लावली होती?”

“सकाळी आठला.”

“लाइट तर सातलाच गेली, भाऊ. अजून कुठं आली?”

आता गावात कुणाचं दार अडकलं, की लोक कमलबाईंना बोलावतात. मी मागून पेचकस घेऊन जातो.