मिनलच्या मुठीतलं नाणं

गुरुवारची सुट्टी होती आणि गणराज सकाळपासून जागचा हलला नव्हता. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काम करणाऱ्या या गड्याने चिंचवडच्या घरात प्लायवूडचं व्हिडिओ गेमचं मशीन उभं केलं होतं. नाणं टाकायचं यंत्र विकत घ्यायला महाग, म्हणून त्याने ॲक्रिलिकची अरुंद पन्हळ कापली, नाण्याच्या वाटेत कॉम्प्युटरच्या बिघडलेल्या माउसमधला स्विच बसवला आणि खाली श्रीखंडाचा डबा ठेवला.

दोन रुपयांचं नाणं सोडताच पडद्यावर खेळ सुरू झाला. गणराज इतका खूश झाला, की डब्यात आवाज झालाच नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

चौथ्या नाण्यानंतर त्याने डबा काढला, तर आत काहीच नव्हतं. पन्हळ मोकळी होती आणि फरशीही.

"मिनल, जरा ये," त्याने बायकोला हाक मारली. "मागून हात घालून पन्हळीखाली तळवा धर. मी नाणं टाकतो."

मिनल हसत मशीनमागे बसली. त्याने नाणं सोडलं.

"आलं हातात," ती म्हणाली आणि तिने मूठ वळली.

"मग दाखव की."

तिचा हात बाहेर आला नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "आत तुमचा हात आहे का?"

गणराज मागे धावला आणि वाकला. खिडकीतलं ऊन थेट आत पडलं होतं. त्या उजेडात फक्त मिनलची घट्ट मूठ दिसत होती, आणि कुणीतरी उलगडावं तसं तिचं एकेक बोट सरळ होत होतं.