रुमाल

अध्यक्षमहाशय, हे पाप तुमच्या माथी आहे. बायको गेली त्या वर्षी कवीने संमेलनात तिच्यावर कविता वाचली, सगळं सभागृह ढसाढसा रडलं, आणि तुम्ही त्याला मिठी मारून म्हणालात, "असंच लिहीत राहा. लोकांना तुमच्याकडून हेच हवंय."

तो लिहीत राहिला. पण घरात शाळकरी लेक होती. ती आरशासमोर उभी राहून बापाच्या कवितावाचनाची नक्कल करायची आणि बाप पोट धरून हसायचा. दुःख पातळ होत गेलं. यंदा त्याने तिच्या त्या नकलांवरच कविता पाठवली, तर तुमचा फोन आला.

"कविराज, गोड आहे हो, पण एकाचाही रुमाल बाहेर निघायचा नाही. वहिनींवर लिहिलंत तसं काहीतरी ताजं द्या. नाहीतर यंदा दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल."

दुसऱ्याच दिवशी लेक तापाने फणफणली. दुपारपर्यंत तिला धाप लागायला लागली.

"थांब हं सोन्या, डॉक्टरांना कळवतो," म्हणत कवी फोन घेऊन तिच्या उशाशी बसला. तिच्या सुकलेल्या ओठांकडे त्याची नजर गेली आणि कित्येक महिन्यांनी त्याला तशी रडवणारी एक ओळ सुचली. ती विसरू नये म्हणून त्याने आधी तीच फोनवर टिपली. मग दुसरी आली, मग तिसरी. अंगठा झरझर चालत राहिला. उन्हं उतरली.

लेकीने कशीबशी त्याची बाही ओढली.



"बाबा, सांग ना, डॉक्टर काय म्हणाले?"